दहा हजार वर्षं, अडीच दिवस, पंधरा तास : संगणक-संशोधनाच्या बातम्या कशा वाचायच्या?

प्रश्न असा आहे : "मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोज काहीतरी नवीन वाचतो. क्वांटम कॉम्प्युटर आता बँकांची कुलपं उघडणार, एआयचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा आला, अमुक चिप हजारपट वेगवान. यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती, हे ओळखायचं कसं? आणि यावर भिस्त ठेवून पुढे काय शिकायचं ते ठरवावं का?"

आधी माझी फजिती सांगते. मी पेमेंटच्या क्षेत्रात कूटलेखनाचं, म्हणजे एनक्रिप्शनचं काम करते. वीसेक वर्षं झाली. जून २०२२ मध्ये मी ऑफिसात सहा पानांची एक टिपणी दिली होती. विषय होता दुकानातली कार्ड स्वाइप करायची मशीन. त्यांची मेमरी चिमूटभर, आणि गावाकडे नेटवर्क असं की एकेक बाइट मोजून पाठवावा लागतो. उद्या क्वांटम कॉम्प्युटर, म्हणजे आजची नेहमीची कुलपं फोडू शकेल असं नव्या तऱ्हेचं यंत्र, आलं तरी टिकेल असं कुलूप या मशीनला लावायचं, तर कोणतं? माझं उत्तर होतं 'साइक'. कारण साधं होतं. साइकची पब्लिक की, म्हणजे समोरच्याला उघडपणे पाठवायची किल्ली, ३३० बाइटची, तर 'कायबर' या दुसऱ्या पद्धतीची ८०० बाइटची. साइकच्या मुळाशी असलेली पद्धत २०११ मध्ये मांडली गेली होती आणि अकरा वर्षांत कुणाला ती धड ओरखडताही आली नव्हती. ५ जुलैला अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणीकरण संस्थेने कायबरची निवड जाहीर केली आणि साइकला पुढच्या तपासणीसाठी चौथ्या फेरीत ठेवलं. मी म्हटलं, चला, आपला गडी अजून फडात आहे.

३० जुलैला वूटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू या बेल्जियममधल्या दोघा गणितज्ञांचा प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षकांनी तपासण्याआधीच खुला केलेला पेपर, आला. साइकची सर्वांत लहान प्रमाणित आवृत्ती साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर तासाभरात फुटत होती. क्वांटम वगैरे काही नाही, तुमच्या-माझ्या टेबलावरचं मशीन. मुळात वापरलं होतं १९९७ चं, अर्न्स्ट कानी यांचं एक प्रमेय, ज्याचा कूटलेखनाशी कुणी संबंधच जोडला नव्हता. काही दिवसांत तो हल्ला सेजमॅथ या मोफत प्रणालीत उतरवलेला मिळाला. मी तो ऑफिसच्या लॅपटॉपवर लावला, डबा खाऊन आले, तर गुप्त किल्ली स्क्रीनवर हजर. माझ्या सहा पानांची रद्दी झाली.

हे इतकं लांबण लावून सांगतेय, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. त्या आठवड्यात आपल्याकडच्या ठळक बातम्यांत हे प्रकरण मला कुठे दिसलं नाही. प्रत्यक्षात त्या वर्षी आमच्या क्षेत्रात घडलेली ती सर्वांत मोठी गोष्ट होती. संशोधनातली खरी घडामोड बऱ्याचदा अशी गुपचूप एखाद्या पीडीएफमध्ये येते. ढोल वाजतात ते वेगळ्याच गोष्टींचे, आणि ते वाजवणाऱ्यांची कारणंही वेगळी असतात.

आता 'व्हिजन'कडे येते, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. वीस वर्षांचा आराखडा, दशकाची दिशा, भव्य आव्हानं वगैरे नावांनी जे अहवाल येतात ते लोक पंचांगासारखे वाचतात. तो मुळात अर्ज असतो. अर्जदार संशोधक, आणि ज्याच्यापुढे अर्ज ठेवायचा ते सरकार.

अमेरिकेत हे काम फार शिस्तीत चालतं. तिथे विद्यापीठांच्या संगणक विभागांची 'कॉम्प्युटिंग रिसर्च असोसिएशन' आहे. तिने नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या, म्हणजे एनएसएफच्या पैशावर २००६ मध्ये 'कॉम्प्युटिंग कम्युनिटी कन्सोर्टियम' उभं केलं. त्याचं मुख्य कामच हे, की वेगवेगळ्या विद्यापीठांतली आणि कंपन्यांतली माणसं एकत्र बसवायची, पुढे कशावर काम व्हायला हवं यावर चर्चा घडवायची आणि तिचा अहवाल धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोचवायचा. उघड सरकारी पैशातून सरकारलाच सल्ला. यात लपवाछपवी काही नाही, पण वाचताना हे नातं डोक्यात असावं.

अशा प्रकारच्या एका बैठकीला मी बसले आहे. कुठल्या ते जाऊ दे. हॉटेलातला हॉल, गोल टेबलं, दोन दिवस, रंगीत चिठ्ठ्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपलाच विषय देशासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर निम्मी मंडळी विमान गाठायला पसार होतात, आणि उरलेले तिघे-चौघे सगळ्यांच्या चिठ्ठ्या सांभाळत प्रकरणं पाडतात. कुणी रुसू नये म्हणून एकही विषय गाळला जात नाही. म्हणूनच असे अहवाल इतके गुळगुळीत लागतात.

तरीही ते फुकट नसतात. २००९ मध्ये रोबॉटिक्सवाल्यांनी असाच एक आराखडा करून अमेरिकी काँग्रेसपुढे मांडला. दोन वर्षांनी, जून २०११ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात जाऊन राष्ट्रीय रोबॉटिक्स उपक्रम जाहीर केला, सुमारे ७ कोटी डॉलरचा. अर्ज मंजूर!

२०१९ च्या एआय आराखड्याची गोष्ट मला याहून उद्बोधक वाटते. योलांडा गिल आणि बार्ट सेलमन यांच्या नेतृत्वाखाली पुढच्या वीस वर्षांचं चित्र काढलं गेलं. मुख्य मथळे तीन : एकात्मिक बुद्धिमत्ता, माणसाशी अर्थपूर्ण संवाद, आणि स्वतःची जाण असलेलं शिकणं. तीन वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०२२ ला, चॅटजीपीटी आलं आणि सगळं जग एका मोठ्या भाषा-मॉडेलभोवती फिरायला लागलं. तीन मथळ्यांत हे मॉडेल कुठेही नव्हतं. मग आराखडा वाया गेला का? त्याच अहवालात एक मागणी होती. विद्यापीठांकडे एआयवर काम करण्याइतकी यंत्रं नाहीत, डेटा नाही, ते सगळं कंपन्यांच्या हातात चाललंय, तेव्हा सर्वांना वापरता येईल अशी राष्ट्रीय सोय उभारा. ही तक्रार शंभर टक्के खरी निघाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये एनएसएफने तशा सोयीचा प्रायोगिक प्रकल्प सुरूही केला.

तेव्हा माझी सवय सांगते. व्हिजनच्या अहवालात 'पुढे काय होईल' हा भाग मी चहा पिता पिता चाळते. 'आमच्याकडे काय नाही' हा भाग पेन्सिल घेऊन वाचते. भविष्य कुणालाच दिसत नसतं, पण आपला बूट कुठे चावतो हे घालणाऱ्याला नेमकं माहीत असतं.

फसलेल्या व्हिजनचं अव्वल उदाहरण जपानचं. १९८२ मध्ये जपान सरकारने 'पाचव्या पिढीचा संगणक' हा दहा वर्षांचा प्रकल्प हाती घेतला. तर्काच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे, ते चालवायला खास समांतर यंत्रं बांधायची, आणि विचार करणारा संगणक घडवायचा. अमेरिका आणि युरोप इतके हादरले की ब्रिटनने 'अल्वी' कार्यक्रम काढला आणि अमेरिकी संरक्षण खात्याने आपला स्वतंत्र. आपल्याकडेही १९८६ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ज्ञानाधिष्ठित संगणक-प्रणालींचा कार्यक्रम सुरू झाला. मुंबईच्या टीआयएफआर आणि एनसीएसटी या संशोधन संस्था त्यात होत्या. दहा वर्षांनी जपानची यंत्रं तयार झाली, तोवर बाजारातल्या साध्या वर्कस्टेशनांनी त्यांना गाठलं होतं. चित्र चुकलं, पण त्या चित्राच्या धाकाने अर्ध्या जगात पैसा हलला आणि माणसं तयार झाली.

मग संशोधनातून आपल्या हातात येईपर्यंत किती काळ जातो? याचं एक प्रसिद्ध चित्र आहे. फ्रेड ब्रुक्स आणि आयव्हन सदरलंड यांच्या समितीच्या १९९५ च्या अहवालात ते आधी छापलं, नंतर अनेकदा सुधारलं. प्रत्येक तंत्रज्ञानासाठी आडव्या समांतर रेघा : एक विद्यापीठातल्या कामाची, एक कंपन्यांच्या प्रयोगशाळांची, एक बाजारातल्या मालाची. चिखलातून गाडी गेल्यावर टायरच्या खुणा उमटतात तसं दिसतं, म्हणून नावच पडलं टायर ट्रॅक्स. पहिली रेघ सुरू झाल्यापासून अब्ज डॉलरचा धंदा उभा राहीपर्यंत दहा-पंधरा वर्षं तर सहज जातात, अनेकदा त्याहून जास्त.

एआयचंच पाहा. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या प्रोग्रॅमला, शिकवायची बॅकप्रोपगेशन ही पद्धत १९८६ च्या पेपरने सर्वांना माहीत झाली. १९८९ मध्ये बेल लॅब्जमध्ये यान लकून यांनी टपालावरचे हस्तलिखित पिनकोड ओळखून दाखवले. मग बराच काळ सामसूम. न्यूरल नेटवर्कवर काम करतो म्हटलं की लोक कीव करायचे. २००९ मध्ये फेइ-फेइ ली यांच्या गटाने इमेजनेट हा चित्रांचा प्रचंड संग्रह मांडला, तोही मायामीतल्या कॉन्फरन्समध्ये एक पोस्टर म्हणून. व्यासपीठावरचं भाषणसुद्धा नशिबी नाही. २०१२ मध्ये टोरांटोच्या तिघांनी गेम खेळायची दोन ग्राफिक्स कार्डं जोडून पाच-सहा दिवस मॉडेल शिकवलं आणि इमेजनेटच्या स्पर्धेत चित्रं ओळखण्यातली चूक १५.३ टक्क्यांवर आणली. दुसरा आलेला २६.२ टक्क्यांवर होता. ती कार्डं मुळात पोरांच्या गेमसाठी बनली होती, हे विसरू नका. तीन रेघा तीन गावांहून आल्या आणि एका चौकात भेटल्या. १९८९ मध्ये बसून कुठली समिती हे लिहिणार होती?

आता क्वांटमच्या बातम्या, ज्यावर माझी रोजीरोटीच आहे. २०१९ मध्ये गूगलने सांगितलं, आमच्या ५३ क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) सिकॅमोर चिपने नमुने काढायचं जे काम २०० सेकंदांत केलं त्याला सर्वांत मोठ्या सुपरकॉम्प्युटरला दहा हजार वर्षं लागतील. हा आकडा जगभर छापून आला. इथे थांबून विचार करा. २०० सेकंद मोजलेले आहेत. दहा हजार वर्षं मोजलेली नाहीत, तो अंदाज आहे. प्रतिस्पर्ध्याला किती वेळ लागेल याचा अंदाज धावणाऱ्यानेच काढलेला! आयबीएमने लगेच म्हटलं, डिस्क नीट वापरली तर अडीच दिवस पुरतील. पुढे चीनमधल्या एका गटाने ५१२ ग्राफिक्स कार्डांवर तोच नमुने काढायचा प्रश्न पंधरा तासांत सोडवून दाखवला. गूगलची चिप खोटी नव्हती, काम अस्सल होतं. पण कुस्तीत गडी जिंकला एवढं सांगून भागत नाही, जोड तुल्यबळ होता का हेही विचारायला लागतं. कुठल्याही 'हजारपट वेगवान' बातमीत माझा पहिला प्रश्न हाच असतो : कुणापेक्षा, आणि त्या दुसऱ्याला कसरत करायची पुरेशी संधी दिली होती का?

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलचीच १०५ क्युबिटची विलो आली. तिचं काही मिनिटांचं काम करायला सुपरकॉम्प्युटरला लागतील ती वर्षं मथळ्यात होती : एकावर पंचवीस शून्यं. आमच्या गटातल्या कुणीही त्या शून्यांकडे पाहिलं नाही. आम्ही शोधत होतो तो आकडा पेपरच्या आत होता : २.१४. क्युबिट फार नाजूक असतात, सारख्या चुकतात. म्हणून अनेक क्युबिट मिळून एक भरवशाचा क्युबिट बनवायचा. अडचण अशी, की जास्त क्युबिट जोडले की चुका करणारेही वाढतात. विलोने दाखवलं की जाळं एकेक पायरी मोठं करत गेलं तसा चुकांचा दर दर पायरीला २.१४ पटीने घटला. वाढवल्यावर बिघडण्याऐवजी सुधारलं. ही खरी बातमी, आणि ती मथळ्यात बसण्याजोगी नव्हती.

मग कुलपं उघडणार का? याचं उत्तर हार्डवेअरच्या बातमीत सापडत नाही, हिशोबाच्या पेपरात सापडतं. आरएसए या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या कुलपाची २०४८ बिटांची किल्ली फोडायला २०१९ च्या गिडनी आणि एकेरा यांच्या हिशोबाप्रमाणे दोन कोटी क्युबिट आणि आठ तास लागणार होते. मे २०२५ मध्ये गिडनींनीच नवा हिशोब दिला : दहा लाखांहून कमी क्युबिट, आठवड्याच्या आत. यंत्र जागच्या जागी, पण लक्ष्य वीसपट जवळ सरकलं, फक्त कागदावरच्या अक्कलहुशारीने. शंभरेक क्युबिटपासून दहा लाख अजून खूप लांब आहेत, हे खरं. पण मी घाबरते ती दुसऱ्या टोकाला. आज साठवून ठेवलेला मजकूर उद्या उघडता येतो, आणि तुमच्या आरोग्याच्या नोंदी किंवा जमिनीचे करार पंधरा वर्षांनीही गुपितच राहायला हवेत.

पेपर छापून आला म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही समजू नका. २०१४ मध्ये मशीन लर्निंगच्या सर्वांत मोठ्या कॉन्फरन्सने स्वतःचीच परीक्षा घेतली. १६६ पेपर दोन वेगळ्या समित्यांकडे गुपचूप पाठवले. साधारण चौथ्या हिश्शाच्या पेपरांवर दोघींचं एकमत झालं नाही. एका समितीने घेतलेले निम्म्याहून जास्त पेपर दुसरीने नाकारले होते. मी स्वतः परीक्षक म्हणून रात्री अकराला पाचवा पेपर वाचलेला आहे, म्हणून मला याचं नवल वाटलं नाही. पण आपलंच नाणं असं घासून पाहायची हिंमत मला आवडली. असं स्वतःहून करणारा गट दिसला की त्याच्या बाकीच्या दाव्यांवर माझा विश्वास थोडा जास्त बसतो.

आता तुमचं. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, ६,००३.६५ कोटी रुपयांचं. त्यातून चार केंद्रं निघाली, आणि आयआयटी मुंबईकडे आलं ते क्वांटम कॉम्प्युटर नाही, तर क्वांटम सेन्सिंग, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमाप. बातम्यांत कॉम्प्युटरच गाजतो, पण सेन्सिंगची रेघ बाजाराच्या जास्त जवळ आहे असं माझं मत आहे. फिजिक्स आवडत असेल तर तिकडे डोकावा. महिनाभराची फी घेऊन 'क्वांटम डेव्हलपर' बनवणाऱ्या क्लासात मात्र पैसे घालू नका. तेवढ्या वेळात लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की करा. दोन्ही क्वांटमला चालतात, एआयला चालतात, आणि दोन्ही लाटा ओसरल्या तरी चालतात.

नोकरीचं म्हणाल तर चमक नसलेल्या कामाकडे बघा. निस्टने १३ ऑगस्ट २०२४ ला क्वांटमपुढे टिकतील अशा कुलपांची नवी प्रमाणकं जाहीर केली, आणि नंतरच्या मसुद्यात जुनी आरएसए वगैरे २०३५ नंतर बाद करायचं म्हटलंय. याचा अर्थ प्रत्येक मोठ्या संस्थेत कुणीतरी बसून यादी करणार : कुठल्या कपाटाला कुठलं कुलूप आहे. पंधरा वर्षं जुनी जावा सर्व्हिस, कुणी लिहिली ते आठवत नाही, आत आरएसए ठोकून बसवलेली. हे काम करायला माणसं मिळत नाहीत, आमच्याकडेही.

पीएचडीला अमेरिकेचा विचार असेल तर एक लक्षात घ्या. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने पुढच्या वर्षासाठी एनएसएफच्या तरतुदीत निम्म्याहून जास्त कपात सुचवली होती. व्हिजनचा अर्ज ज्याच्या दारात नेतात त्याचीच तिजोरी अशी हलते. प्राध्यापकांना मेल लिहाल तेव्हा संशोधनाच्या विषयासोबत, तुमच्या जागेचा पैसा कुठून आणि किती वर्षांसाठी येणार आहे, हेही विचारा. असं विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगले प्राध्यापक सरळ सांगतात.

राहता राहिली माझी स्वाइप मशीन. आम्ही शेवटी कायबर लावलं, ज्याचं अधिकृत नाव आता एमएल-केईएम झालंय. किल्लीमागे ४७० बाइट जास्त जायला लागले. मी ज्या नेटवर्कची इतकी धास्ती घेतली होती तिथे जाऊन, एका किराणा दुकानाच्या काउंटरवर उभं राहून चाचणी घेतली. जुन्या आणि नव्या मशीनमधून पावती बाहेर येताना दुकानदाराला फरक कळला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळला नाही.